नणंदेला दिलेली भाषा

नणंदेनं तो प्रश्न विचारला तेव्हा मी पितळी गंजातल्या भाताची पेज गाळत होते. वाफ तोंडावर येत होती, त्यामुळे माझा चेहरा तिला नीट दिसला नाही, हे एक बरं झालं.

"वैनी, मले हॅकिंग शिकाचं आहे. चोरीचं नाही, ते परवानगी घेऊन करतात ते. त्याच्यासाठी कोणती भाषा शिकू? सी, पर्ल, का ते पायथन?"

उत्तर मला ठाऊक होतं. कॉलेजात असताना होस्टेलजवळच्या इंटरनेट कॅफेत बसून मी याच प्रश्नावर कितीतरी पानं वाचली होती. बहुतेक सगळे एकच सांगत होते: आधी पायथन घ्या, पहिल्या आठवड्यातच काहीतरी लहानसं चालतं करून बघा, गोडी लागली की मग सीकडे जा. हे सगळं मला अगदी तोंडपाठ होतं. मी गंज खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाले, "सीच शिका, ताई. सी आल्याबिगर बाकी सगळं बेकार आहे. पॉइंटर, मेमरी, सगळं खालून वर. वर्ष गेलं तं जाऊ द्या, पण पाया पक्का पायजे."

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. सासरे बाहेर पेपर वाचत होते, त्यांनीसुद्धा मान डोलावली. मला मात्र मनात माहीत होतं की पॉइंटरच्या धड्यावर आमचा अर्धा वर्ग गळाला होता आणि मी स्वतः दोनदा रडले होते. मी तिला त्याच धड्याकडे पाठवत होते. माहेरून आणलेलं सीचं जाडजूड पुस्तकही मी त्याच दिवशी पेटीतून काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते छातीशी धरलं. "वैनी, तू किती चांगली आहे वो," असंही म्हणाली.

ही दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट. आमचं घर गोंदियाजवळच्या कुडव्यात. सासरे पोस्टातून रिटायर झालेले, नवरा राइस मिलमध्ये सुपरवायझर, सासूबाईंचा गुडघा दुखरा, आणि ही नणंद गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मी देवरीकडच्या एका खेड्यातली. होस्टेलात राहून बीएस्सी कॉम्प्युटर केलं आणि शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच माझं लग्न लागलं. बघायला आले तेव्हा माझ्या काकांनी सांगितलं होतं, "पोरीले स्वयंपाक येते, शिवणकाम येते, कॉम्प्युटर येते." त्याच क्रमानं. लग्नानंतर पहिले दोन गुण उपयोगाला आले, तिसऱ्याची कुणाला आठवण राहिली नाही.

नणंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पण नवऱ्याची बहीण म्हणून मी तिला ताई म्हणायचं, तुम्ही म्हणायचं, आणि ती मला अरेतुरे करायची. आमच्याकडे तसंच असतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही एरवी वाटलं नसतं. पण घरात कॉम्प्युटर आला तो तिच्यासाठी. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल लागलं, सासूबाईंनी मॉनिटरला लोकरीचं कव्हर विणलं, आणि पाहुणे आले की सासरे म्हणायचे, "आमची पोरगी कॉम्प्युटर शिकून राहिली." तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी असायची. सून त्याच विषयाची पदवीधर आहे, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. मुद्दाम नव्हे. त्यांना ते सुचायचंच नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

तिला हे वेड लागलं ते कॉलेजातल्या एका दिवसाच्या शिबिरामुळे. नागपूरहून कुणी पोरगा लॅपटॉप घेऊन आला होता. त्यानं स्वतःच बनवलेल्या एका खोट्या वेबसाइटच्या पासवर्डच्या जागी चार-दोन चिन्हं टाकली आणि दार उघडलं. संध्याकाळी ती घरी आली ती उड्या मारतच. जेवताना अख्ख्या घराला समजावून सांगत होती की मालकानं सांगितल्याशिवाय हात लावला तर ती चोरी, आणि सांगून शोधलं तर ते काम. सासूबाई म्हणाल्या, "मंग वॉचमनच म्हण ना." सगळे हसले. मी पोळी वाढत होते. मला हसू आलं नाही. कारण हे स्वप्न माझं होतं. होस्टेलच्या दिवसांत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि इथे एक पोरगी एका दुपारीत ते उचलून ताटावर घेऊन बसली होती.

तर सी तिला दिली आणि मी पायथन घेतली. नवऱ्याला सांगून गोंदियाच्या कॅफेतून ते पेनड्राइव्हवर मागवलं. तो कॅफेवाल्याचा निरोप घेऊन आला: "मॅडम को बोलो, ये पायथन-वायथन यहाँ कोई नहीं पूछता, टॅली सीखो." नवरा स्वभावानं गरीब, त्यानं का-कशासाठी काही विचारलं नाही. मी माझ्या फाइली ज्या फोल्डरमध्ये ठेवल्या त्याला नाव दिलं 'लोणचं'. सासरच्या माणसांना त्यात डोकावावंसं वाटणार नाही, असा माझा हिशोब.

आता उरला वेळेचा प्रश्न. एक कॉम्प्युटर, दोघी जणी. त्यात तेव्हा भारनियमन भलतंच होतं. आमच्या भागात दुपारी तीनला लाइन जायची ती सहाला यायची, आणि सहानंतर बाहेरची खोली सासऱ्यांच्या टीव्हीची. मी सगळ्यांसमोर अगदी मोठेपणानं म्हणाले, "ताई कॉलेजातून तीनले येतात. तीन ते सहा पूर्ण त्यायचंच. मी आपली जेवणं झाल्यावर, एक ते तीन, जमलं तं बसत जाईन." दुपारी झोपणाऱ्या सासऱ्यांना लाइनीचं सुचलंच नाही. ते म्हणाले, "सूनबाई समजदार आहे." लग्नानंतर त्यांनी केलेली माझी ती पहिली स्तुती, आणि ती मला अशा कामासाठी मिळाली.

नणंदेनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चालते."

मला वाटलं होतं, महिनाभरात पोरगी कंटाळेल. पुस्तक पेटीत परत येईल, मैत्रिणींच्या लग्नात मन रमेल. तिनं केलं भलतंच. कॉलेजातून आली की हातपाय धुऊन ओसरीवर बसायची. सिमेंटच्या जमिनीवर खडूनं ओळीनं चौकोन काढायची. सुपातले लाखोळीच्या डाळीचे दाणे घ्यायची आणि प्रोग्रामची एकेक ओळ वाचत चौकोनांत दाणे ठेवायची, उचलायची, सरकवायची. कॉम्प्युटरनं जे करायचं ते ती बोटांनी करायची. एका चौकोनाचा नंबर दुसऱ्या चौकोनात लिहायची आणि म्हणायची, "हा पॉइंटर." मग सहाला लाइन आली तरी तिला पत्ता नसायचा. सासूबाई आतून ओरडायच्या, "दाळ निवडून राहिली का खेळून राहिली वो?"

एकदा मी चहा द्यायला गेले तर तिनं मला हात धरून बसवलं. "पाय वैनी. नावासाठी दहा घरं ठेवली. पण शेवटी एक खूण लागते, नाव संपलं म्हणून सांगाले. म्हणजे अक्षरं नऊच बसतात. आता कोणी बारा अक्षरांचं नाव टाकलं अन् मोजलंच नाही, तं?" तिनं दाणे ठेवत नेले. अकरावा आणि बारावा दाणा शेजारच्या चौकोनात गेले. त्या चौकोनात आधीपासून दुसरंच काही लिहिलेलं होतं, ते दाण्यांखाली झाकलं गेलं. "पायलीत मोजून टाकतो आपण. न मोजता ओतलं की बाजूच्या डब्यात सांडते. इथूनच घुसते चोर."

हे मी बीएस्सीला दोन वर्षं वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं मात्र त्या दिवशी, ओसरीवर, तिच्या तोंडून. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा निवतो म्हणून मी उठून आत गेले.

माझं तिकडे काय चाललं होतं? माझं जोरात चाललं होतं, असं मला वाटायचं. रोज दोन तास स्क्रीन माझी. चार ओळी लिहायच्या, चालवायच्या, लाल अक्षरांत चूक आली की काहीतरी बदलायचं, परत चालवायचं. दोन महिन्यांत मी पासवर्डाची यादी तपासणारा लहानसा प्रोग्राम केला. कोणता पासवर्ड कच्चा, कोणता पक्का, ते तो सांगायचा. आमच्या घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड टाकून बघितले, सगळे कच्चे निघाले. हे दाखवायला मात्र कुणीच नव्हतं. लोणच्याच्या फोल्डरमधली वस्तू, ती कुणाला दाखवणार? ती ओसरीवर बसून दाणे सरकवायची तर येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय करून राहिली वो बाई?" आणि मी अंधाऱ्या खोलीत पडदा ओढून खरंखुरं काहीतरी बनवलेलं, त्याला साक्षीदार नाही. त्याचासुद्धा मला हेवा वाटायचा, की तिला लपावं लागत नाही.

दिवाळीनंतर तिनंच कॉलेजातून एक कागद आणला. नागपूरच्या एका संस्थेत सहा महिन्यांचं सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण, फक्त मुली आणि बायकांसाठी, राहायची सोय तिथेच. आधी एक परीक्षा. ती कागद घेऊन सरळ माझ्याकडे आली. "वैनी, तूबी भर फॉर्म. तुह्याजवळ तं डिग्री आहे."

मी नको-नको म्हणत भरला. सासूबाईंनी मात्र जेवताना सांगून टाकलं, "परीक्षा दोघीबी द्या. पण जाईन ते एकच. दोघीबी गेल्या तं घर कोण पाहीन? माया गुडघा असा." सासरे म्हणाले, "जिचा नंबर वर येईन ते." नवरा ताटात बघत होता. मला त्या रात्री झोप लागली नाही. सहा महिने. स्वतःचं टेबल. कुणी सूनबाई म्हणून हाक मारणार नाही अशी जागा. मला ते इतकं हवं होतं, की नणंद पडावी असं मी उघड मनात म्हटलं, फोटोंकडे पाठ करून.

फॉर्मवर एक चौकट होती: कोणत्या भाषेतली प्रश्नपत्रिका हवी. तिनं सी लिहिलं. मी पायथन. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. मी डबा बांधून घेतला होता. संस्थेतल्या मोठ्या खोलीत शंभरेक पोरी बसल्या होत्या, आणि मी इकडेतिकडे कॉम्प्युटर शोधत होते. कॉम्प्युटर नव्हतेच. एका बाईंनी कागद वाटले. प्रत्येक प्रश्नात एक छापील प्रोग्राम, आणि खाली विचारलेलं: हा काय करेल? तो कुठे फसेल? फसवणारा काय टाकेल?

मी पहिला प्रोग्राम वाचला, परत वाचला. मी आजवर प्रोग्राम वाचलाच नव्हता, चालवला होता. चुकला की बदलला होता. कुठे चुकला ते मला नेहमी यंत्रानं सांगितलं होतं. इथे कागद गप्प. सोपी भाषा होती, ओळखीचे शब्द होते, आणि मी पहिल्या पानावर अर्धा तास घालवला. उजवीकडे दोन रांगा पुढे नणंद बसली होती. तिनं कागदाच्या कोपऱ्यात ओळीनं चौकोन काढायला सुरुवात केली होती, ते मला तिच्या मनगटाच्या हालचालीवरून कळलं. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. भारनियमनानं तिला शिकवलेलं सगळं त्या कागदावर उतरत होतं. ते भारनियमन तिच्या वाट्याला मी घातलं होतं. भाषासुद्धा मीच दिली होती.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "कसा गेला?" मी म्हणाले, "बरा." ती म्हणाली, "मायाबी बराच." मग आम्ही डबा खाल्ला. मी तिच्या वाट्याची भाजी कमी वाढली. असलं काही करायला मला तेव्हा लाज वाटत नव्हती.

निकालात तिचं नाव वरच्या पाचांत होतं. माझं नाव यादीत नव्हतंच. सासऱ्यांनी पेढे आणले, विहारात सांगून आले. त्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर तिला पुढे बोलावलं, दोन शब्द बोलायला लावलं. ती म्हणाली, "मले कोणती भाषा शिकावी ते समजत नव्हतं. मह्या वैनीनं सांगतलं, पाया पक्का कर. तिनं पुस्तक देलं, अन् आपला वेळबी मले देला." बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी मला ढकलून पुढे केलं, माझ्याही हातात फुलं दिली. टाळ्या वाजल्या. मी आयुष्यात ऐकलेल्या टाळ्यांपैकी त्या सगळ्यात वाईट. मला वाटलं, हिला काहीच माहीत नाही, भोळी आहे बिचारी. आणि मग वाटलं, भोळेपणासुद्धा हिलाच मिळाला.

उन्हाळ्यात तिची कॉलेजची शेवटची परीक्षा आटोपली, आणि नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी तिची बॅग भरत होते. दुपारचे तीन वाजले आणि पंखा थांबला. ती पलंगावर बसून सीच्या पुस्तकाला नवं कव्हर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "वैनी, लोणचं नावाच्या फोल्डरात कोणी पायथन ठेवते का वो?"

मी घडी घातलेली साडी उलगडून परत घडी घालायला लागले.

"पायथन टाकलेलं दिसलं मले, पह्यल्याच महिन्यात. प्रोग्रामच्या यादीत नाव येते ना त्याचं."

"फोल्डर उघडलं तुम्ही?"

"नाही. तुले विचारलं नव्हतं ना मी." तिनं कव्हरची घडी नखानं पक्की केली. "अन् तीन ते सहा लाइन नसते, हे मले मालूम नाही का? मी याच घरात जन्मली, वैनी."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"बोलली असती तं भांडण झालं असतं. भांडण झालं असतं तं आईनं कॉम्प्युटरच बंद करून ठेवला असता. माया अभ्यास काय, कॉलेजच्या लॅबमधी चालला असता. तुह्या कुठं चालला असता?"

मी खरंतर तिथेच तिची माफी मागायला हवी होती. शब्द आलेही होते तोंडाशी. पण त्यांच्या आधी दुसरंच काही वर आलं. मला तिचा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त. इतकं मोठं मन ठेवायला तिला परवडत होतं. घर तिचं, आई तिची, वेळ तिचा. देऊन टाकलं तरी कमी पडत नव्हतं. मला माझे दोन तास चोरून घ्यावे लागले होते, म्हणून मी चोर झाले. हे मी तिला सांगितलं नाही. "साड्या दोनच घ्या, बॅग जड होईन," एवढंच म्हणाले. तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "हे तुह्याजवळच राहू दे."

ती गेली. दुसऱ्या दिवशी तीनला लाइन गेली तेव्हा मी ओसरीवर खडू घेऊन बसले. पहिला चौकोन वाकडा आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या आत गेल्या आणि लाखोळीचं सूप आणून माझ्यापुढे ठेवलं. "तुले नाही सांगतलं का तिनं? दाणे लागतात याले," म्हणाल्या.

वर्ष सरलं. नणंदेला नागपुरातच नोकरी लागली, महिन्यातून एकदा घरी यायची. पुढच्या खेपेचे फॉर्म निघाले तेव्हा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "आता तू जा. गुडघ्याचं पाहून घेऊ." मी फॉर्म भरला. भाषेच्या चौकटीत सी लिहिलं, गिरवून लिहिलं. त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला.

"भरला का फॉर्म?"

"भरला."

"कोणती भाषा लिहिली?"

ओसरीवर दुपारचे चौकोन अजून पुसायचे राहिले होते. एका चौकोनात दोन दाणे पडून होते.

"पायथन," मी म्हणाले. सी म्हटलं असतं तर तिच्याच चौकोनांवर शिकले हे कबूल करावं लागलं असतं.

पलीकडे ती हसली, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारायला लागली. ओसरीवरच्या दाण्यांचं आईकडून ऐकून तिला खरं कळलं असणारच. पण विचारल्याशिवाय ती काही उघडत नाही, आणि मी तिला अजून परवानगी दिलेली नाही.